करवंटीतला वानवळा

आमच्या इमारतीत वसंत ऋतू शिंकत शिंकत येतो. कोकिळेचा नंबर फार नंतर लागतो. आधी गच्चीवरून एक शिंक ऐकू येते, तिला दुसऱ्या मजल्यावरून उत्तर मिळतं, मग जिना चढणारा कुरियरवाला पाकिटं छातीशी धरून शिंकतो आणि ज्याला त्याला कळतं की कुणीतरी मसाल्याच्या मिरच्या वाळत घातल्या. थंडी संपली. अंगावरची गोधडी पहाटे आपोआप पायाशी जाते. अलिबागच्या बाजारात पांढऱ्या कांद्याच्या वेण्या लटकायला लागतात, ओले काजू सोलून काळ्या पडलेल्या हातांच्या बायका कोपऱ्यावर बसतात, वालाच्या शेंगा जून होत जातात आणि दुपारी समुद्रावरून येणारा वारा गॅलरीतले कपडे बघता बघता कडक करून ठेवतो.

यंदाची पहिली शिंक मला काल जिन्यातच आली. मी तशीच घरात शिरले, पर्स खुर्चीवर टाकली आणि ओट्याखालचा करवंट्यांचा ढीग बाहेर ओढला. मी इथल्या कोर्टात कारकून आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या जमिनींचे वाद टंकायचे आणि घरी येऊन करवंटीभर मातीत जमीनदारी करायची, असा माझा फेब्रुवारी-मार्च जातो. वर्षभर खवलेल्या नारळांच्या करवंट्या आमच्याकडे कुणी टाकत नाही. डोळा फुटलेली करवंटी सगळ्यात चांगली, कारण तिला पाणी निथळायला वेगळं भोक पाडावं लागत नाही. त्यात थोडी लाल माती, थोडं चाळलेलं शेणखत, चिमूटभर राख आणि वर बी. झाली नर्सरी.

हे वेड माझ्यात मुळातलं नाही. आमच्या गॅलरीत पूर्वी एक तुळस, एक मनी प्लांट आणि प्रकाशची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, व्यायामाची सायकल एवढंच उभं असायचं. तिघांपैकी फक्त तुळशीला रोज कुणीतरी हात लावायचं. सगळं बदललं ते एका फाल्गुनात. शिंक आली की मला तो फाल्गुन आठवतो, आणि डोळ्यांतून पाणी येतं ते नक्की कशाने हे मी मिरच्यांवर सोडून देते.

त्या वर्षी माझे वडील, अप्पा, दिवेआगरहून आमच्याकडे राहायला आले. दिवेआगरला त्यांची छोटी वाडी होती, नारळी-पोफळींची. वादळाने ती एका दुपारी आडवी केली. पडलेली झाडं हलवायला जेसीबी आला आणि त्याने उरलंसुरलं परसही खरवडून नेलं. त्यातून वाचली होती फक्त मोरीच्या सांडपाण्यावर वाढलेली मिरचीची दोन झुडपं. ती माझ्या आईची, माईची. माई लग्न होऊन आली तेव्हा माहेरून बी घेऊन आली होती, आणि दर वर्षी धरत आली होती. वेगळीच मिरची होती ती. कोवळी असताना दुधासारखी पांढरी, आणि झाडावर खाली लोंबायच्या ऐवजी वर तोंड करून उभी. पिकली की केशरी होऊन मग लाल. आकाराने बोटाच्या पेराएवढी आणि तिखट अशी की पाहुण्यांना आधी सांगून वाढायची. वादळानंतर माई रोज त्या झुडपांपाशी जाऊन बसायची. “वाडी येईल गो परत, पोफळी लावता येतात,” ती मला फोनवर म्हणाली होती, “पन ही मिरची बाजारात मिळायची न्हाय.” पुढे माईही गेली. अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते दवाखान्यात आणि आमच्याकडे अडकले, आणि पाणी घालायला कुणी नसल्याने झुडपं वाळली. अप्पा परत गेले तेव्हा त्यांना वाळक्या काड्यांवर वाळलेल्या मिरच्या मिळाल्या. त्या त्यांनी सुतळीत ओवल्या आणि आमच्याकडे राहायला येताना बरोबर घेतल्या. तेवढंच माईचं बी आता जगात शिल्लक होतं.

मुलीच्या घरी राहायला यायचं म्हणजे अप्पांच्या पिढीला अंगावर काटा. त्यात आमच्या घरात माझ्या सासूबाई. त्यांना मी मामी म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. व्याही आणि विहीण एका छताखाली, ही गोष्ट अप्पांना लग्नाच्या मांडवातही जड गेली होती. ते आले ते रेक्झिनची बॅग घेऊन, आणि ती बॅग त्यांनी उघडली म्हणून नाही. म्हणजे उघडायचे, टॉवेल काढायचे, अंघोळ झाली की तो ओलाच घडी करून परत आत. दोरीवर टाकायचे नाहीत. दुसरा चहा विचारला तर “झाला की आत्ताच” म्हणायचे. स्वयंपाकघरात पाणी प्यायला जायचं तरी दाराशी खाकरायचे. “होळीला जातो घरी,” असं रोज एकदा तरी कुणी न विचारता सांगायचे. घरी कुणीच नव्हतं आणि छपराची निम्मी कौलं नव्हती, तरी.

मामी खारेपाटातल्या भातशेतीच्या घरातल्या. आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा, आणि घर सगळं त्यांच्या ताब्यात. मसाला ही तर त्यांची मक्तेदारी. बेडगी किती, संकेश्वरी किती, धणे कुठल्या दुकानातले, दगडफूल किती भाजायचं, हे त्या कुणाला सांगत नाहीत आणि कुणी मध्ये बोललं की मोजणी पहिल्यापासून सुरू करतात. त्या वर्षी मिरच्या गच्चीवर त्यांच्या जुन्या साडीवर पसरल्या होत्या. उन्हात खडखडीत झाल्यावर मामी तिथेच बसून देठ काढायच्या. साऱ्या इमारतीला शिंका आणि मामींना काहीच नाही. “सवय लागते,” त्या म्हणायच्या, जणू काही पोहायला शिकवतायत.

आता झालं काय, ते सांगायच्या आधी वानवळा सांगायला हवा. आपल्या शेतात, परसात जे पिकलं त्यातलं थोडं नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे न्यायचं, तो वानवळा. कोकणात कुणी कुणाकडे रिकाम्या हाताने जात नाही, आणि मुलीच्या सासरी तर नाहीच. अप्पाही आले ते नारळ, सुपाऱ्या, आमसुलं घेऊन. पिशवी प्रकाशने उचलून थेट ओट्यावर ठेवली. त्यात ती मिरच्यांची सुतळीही होती. अप्पांना ती बॅगेत ठेवायची नव्हती, दमट होईल म्हणून. त्यांनी संकोचत स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या खिळ्याला ती अडकवली आणि विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात आपण खिळा वापरला या विचाराने घाईघाईने बाहेर आले. कुणाला काही सांगितलं नाही. मामींनी पाहिलं, व्याह्यांनी वानवळा आणला, आणि तो न बोलता लावला. किती शालीन माणूस! आता आणलेला वानवळा वापरला नाही तर व्याह्यांचा अपमान. मग त्या मिरच्यांची सर्वांत मानाची जागा कुठली? वर्षाचा मसाला.

मामींनी सुतळी कापली, मिरच्या गच्चीवर साडीवर टाकल्या, देठ काढले, सगळ्यांत मिसळल्या आणि प्रकाशच्या स्कूटरवर बसून डंकावर कुटून आणल्या. संध्याकाळी घर मसाल्याच्या वासाने भरलं होतं. मामींनी वाटीत ताजा मसाला घेतला आणि अप्पांपुढे धरला. “बघा व्याहीबुवा, तुमचा वानवळा घातलाय हो. रंग बघा, ठसका बघा!”

अप्पांनी खिडकीकडे पाहिलं. खिळा रिकामा होता. मी दारात उभी होते, मला ते सगळं एका क्षणात समजलं आणि काही म्हणजे काही करता आलं नाही. अप्पा म्हणाले, “व्हय. झकास झालाय.” मग त्यांनी चिमूटभर मसाला तळहातावर घेतला, गॅलरीत गेले आणि सायकलच्या सीटला टेकून उभे राहिले. मी मागोमाग गेले. ते तो मसाला जिभेच्या टोकाने चाखत होते, हळूहळू, थांबून थांबून. “हाय त्यात ती,” ते म्हणाले. “लागते.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “बाय, तुझ्या सासूला काय बोलू नको हां. मानाने घातलान तिने.”

मी बोलले. अप्पांचा शब्द मोडायची माझी ती पहिली वेळ नव्हती, पण इतक्या आनंदाने मी तो आधी कधी मोडला नव्हता. मामी ओट्यापाशी बरण्या भरत होत्या. मी सांगितलं, ती वानवळ्याची मिरची नव्हती, माईची होती, बियाण्याला ठेवलेली, आणि आता कुठेही नाही. मामींच्या हातातला चमचा बरणीतच राहिला. त्या शेतकऱ्याच्या घरातल्या. घर जळत असताना बियाण्याची कणगी आधी बाहेर काढणारी माणसं ती. त्यांना सोनं हरवल्याचं सांगितलं असतं तरी चेहरा असा झाला नसता. “बी?” एवढंच म्हणाल्या. मग पदर खोचला, सूप उचललं, आणि गुडघे दुखतात म्हणून लिफ्टशिवाय पाऊल न टाकणाऱ्या मामी जिन्याने गच्चीवर गेल्या.

बऱ्याच वेळाने खाली आल्या त्या सुपात कचरा घेऊन. देठ काढताना मिरची फुटते आणि बी सांडतं. ती साडी त्यांनी गच्चीच्या कोपऱ्यात झटकली होती, आणि पाण्याच्या टाकीच्या आडोशाला वाऱ्यानेही ते सगळं सोडून दिलं होतं. देठ, धूळ, कबुतराची पिसं आणि त्यात पिवळट, चपटं बी. मामींनी सूप अप्पांच्या पुढ्यात ठेवलं. माफी वगैरे मागणं त्यांच्या स्वभावात बसत नाही. त्या म्हणाल्या, “चष्मा लावा व्याहीबुवा. निवडायला बसा.”

ते दोघं त्या दिवशी हॉलमध्ये सतरंजीवर समोरासमोर बसले. आमच्या घरात आजवर ते कधी एका सतरंजीवर बसले नव्हते. दोघांचे चष्मे नाकाच्या शेंड्यावर. अप्पा निवडता निवडता शिंकत होते, आणि कचऱ्यातली बारीक पूड नाकात जाऊन शेवटी मामीही शिंकल्या. आयुष्यात पहिल्यांदा. त्या स्वतःच इतक्या दचकल्या की अप्पा हसले. माई गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मला तेव्हाच वाटलं, बी उगवो न उगवो, काहीतरी उगवलं.

पण एक अडचण होती. बी सगळ्या मिरच्यांचं एकत्र झालेलं. अप्पा एकेक दाणा उजेडात धरून म्हणायचे, “ही माझी असंल. बारीक हाय.” मामी म्हणायच्या, “मिरचीचं बी ते मिरचीचं बी, त्याला काय कपाळावर नाव लिवलंय?” निवडून काही उपयोग नव्हता. माईची मिरची त्यात होती की नव्हती हे कळायला एकच मार्ग होता. सगळंच पेरायचं, आणि फळ धरेपर्यंत थांबायचं.

मग पेरायचं कसं यावरून दोन घराण्यांत वाद. मामी म्हणाल्या, खारेपाटात भाताचा रहू टाकतात, म्हणजे बी भिजवून, ओल्या फडक्यात बांधून, उबेला दडपून मोड आणतात आणि मग पेरतात, तसंच करायचं. अप्पा म्हणाले, “हे भात न्हाय विहीणबाई, मिरची हाय. तिला कोंडली की सडते.” त्यांच्या मते बी सरळ मातीत, वर राखेचा हात, आणि पाणी शिंपडायचं ते बोटांनी. शेवटी बियाण्याची वाटणी झाली. मी कोर्टात बऱ्याच वाटण्या पाहिल्यात, एवढी चोख एकही नाही. मामींची पुरचुंडी जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यावर बसली. अप्पांनी करवंट्या मांडल्या. घरातल्या पुरेनात म्हणून शेजाऱ्यांकडे मागितल्या. प्रकाशने स्कूटरवरून लाल मातीचं पोतं आणलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये सांडलेली माती पाहून विचारलं, “काय बांधकाम काढलंय का?” प्रकाश म्हणाला, “हो, सासरेबुवांची वाडी.”

रोज सकाळी करवंट्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, कारण ऊन तिकडे. दुपारी हॉलमध्ये, कारण गॅलरीत खारा वारा. वॉशिंग मशीनवर करवंट्या, टीव्हीच्या कडेला करवंट्या. कपडे धुवायचे म्हणजे आधी अप्पांना विचारायचं. ते आता खाकरल्याशिवाय स्वयंपाकघरात शिरायला लागले होते, कारण हात मातीने भरलेले असायचे आणि डोकं दुसरीकडे. “होळीला जातो” हे वाक्य मात्र चालू होतं. बॅगही खाटेखाली तशीच.

होळीच्या तोंडावर एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. दूध उतू चाललं होतं, ते तसंच जाऊ दिलं मी. एका करवंटीत मातीला भेग पडली होती आणि त्यातून हिरव्या दोऱ्याचा एक वाकलेला फास वर आला होता. मान अजून मातीतच. “बघ,” अप्पा कुजबुजले, जणू मोठ्याने बोललं तर ते परत आत जाईल. दुपारपर्यंत त्याने मान सोडवून घेतली, डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं तसंच. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या करवंट्यांमध्येही भेगा. आणि मामींनी पुरचुंडी सोडली, तर तिच्यात पांढरे मोड! “सडली का?” त्यांनी अप्पांना विचारलं. अप्पा म्हणाले, “न्हाय बा. फसलो आपन.” मामींनी त्या रात्री जेवणात पुरणपोळी केली. होळी दुसऱ्या दिवशी होती, पण त्यांना दम निघाला नाही.

मोठी झाडं लावणाऱ्यांचं मला फार कौतुक आहे, पण बी उगवताना बघण्याची गंमत वेगळी. बागेत झाड वाढतं ते आपल्या पाठीमागे. करवंटीतलं रोप आपल्या डोळ्यांदेखत वाढतं, चहाच्या कपाशेजारी, आपल्या श्वासाच्या अंतरावर. सकाळी दोन पानं, चार दिवसांनी खरी पानं. पानाला बोट लावून वास घेतला की मिरची अजून कुठेच नसताना मिरचीचा वास येतो. आम्ही चौघं मोठी माणसं उठल्याबरोबर तोंड धुवायच्या आधी करवंट्यांपाशी जायचो. त्या दिवसांत घरात कुणी कुणाशी वाईट बोलल्याचं मला आठवत नाही.

होळी आली आणि गेली. अप्पा म्हणाले, “रोपं लहान हायत, टाकून कसा जाऊ? मोठी झाली की जातो.” मी फक्त संध्याकाळी त्यांना दुसरा चहा दिला, आणि त्यांनी तो घेतला.

रोपं दाट झाली की विरळणी करतात. जोमदार ठेवायची, दुबळी उपटून टाकायची. अप्पांनी आयुष्यभर हेच केलं. त्या वर्षी ते करवंटीपाशी बसायचे, एक किडकिडीत रोप चिमटीत धरायचे, आणि सोडून द्यायचे. कारण तेच माईचं असलं तर? त्यामुळे आमच्या घरी त्या वर्षी उलटा न्याय होता, दुबळ्याला आधी पाणी. एकही रोप मेलं नाही. मग घर भरलं, डबे भरले, तेलाचे कॅन कापून भरले, आणि तरी रोपं उरली. अप्पा आणि मामी ती घेऊन दारोदार निघाले. शेजाऱ्यांना रोप द्यायचं आणि अट घालायची, “मिरची पांढरी आली, वर तोंड करून आली, तर आम्हाला सांगायचं.” दारावर मासे घेऊन येणाऱ्या कोळणीने टोपली खाली ठेवली, “मना पन दे गो दोन,” म्हणाली आणि बोंबलांशेजारी दोन करवंट्या ठेवून गेली. मी कोर्टाच्या खिडकीत एक ठेवलं. तारखेला आलेले पक्षकार त्याच्याकडे बघत बसायचे, त्यांना तेवढंच बघण्यासारखं असायचं.

चैत्र गेला. पांढरी फुलं आली, सगळ्यांनाच, त्यावरून काही कळेना. मग मिरच्या धरायला लागल्या आणि बातम्या येऊ लागल्या. वरच्या मजल्यावरून, हिरवी. तळमजल्यावरून, हिरवी आणि लांब. कोळणीची, हिरवी, पण “लय झाली हो, कालवणात घातली.” माझ्या ऑफिसातली, हिरवी. सारी इमारत खूश. बाजारातून मिरची आणणं बंद झालं. मिरच्या घेऊन लोक आमच्याकडे वानवळा द्यायला यायचे आणि अप्पा प्रत्येकाच्या हातातली मिरची चष्म्यातून बघायचे. “चांगली हाय,” म्हणायचे. आमच्या गॅलरीतलीही एकेक हिरवी निघाली. अप्पा पाणी घालायचे, बोलायचे कमी. एकदा मी त्यांना बॅग खाटेखालून बाहेर ओढताना पाहिलं. तिला धूळ लागली होती, ती पुसून त्यांनी परत आत सरकवली. पण पुसली कशाला, हे मी दिवसभर स्वतःला विचारत राहिले.

एक रोप राहिलं होतं. सगळ्यांत रडकं. वीतभरही न वाढलेलं, दोनदा पानं गळलेलं. अप्पांनीसुद्धा त्याची आशा सोडली होती. मामींनी ते उचलून आपल्या फुटक्या तांब्यात लावलं आणि मोरीच्या खिडकीत ठेवलं. रोज भांडी विसळलेलं पाणी त्याला घालायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “तुझी माई मोरीचंच पानी घालायची ना? मग.” हे त्यांना मीच कधीतरी सांगितलं असणार. मला आठवतही नव्हतं.

मे महिन्याच्या एका घामट सकाळी मामींची हाक आली. हाक म्हणजे मामींची नव्हतीच वाटत, इतकी हळू. “व्याहीबुवा, जरा येता?” अप्पा टॉवेल खांद्यावर तसाच घेऊन गेले, मी मागे. फुटक्या तांब्यातल्या त्या वीतभर रोपाच्या शेंड्यावर तीन मिरच्या होत्या. दुधासारख्या पांढऱ्या. वर तोंड करून.

अप्पांनी हात लावला नाही. नुसते बघत राहिले. मामींनी पदर डोळ्यांना लावला आणि मग स्वतःवरच चिडून म्हणाल्या, “बघता काय नुसते! ऊन आलं, सरका.” मी रडले, मोकळेपणाने रडले, आणि हसतही होते. प्रकाश अर्ध्या दाढीला साबण लावून धावत आला आणि आम्हा तिघांकडे बघून त्याने आधी गॅस बंद आहे का ते पाहिलं. त्या क्षणी माई त्या मोरीत आमच्याबरोबर होती असं मी म्हणणार नाही, तसलं बोलणं तिला आवडायचं नाही. पण तिची मिरची होती, आणि तेवढं पुरलं.

त्या तीन मिरच्या आम्ही पिकू दिल्या. बी धरलं, पुढच्या वर्षी पुन्हा करवंट्या मांडल्या. आता इमारतीत निम्म्या गॅलऱ्यांत ती मिरची आहे, कोळीवाड्यात आहे, कोर्टाच्या खिडकीत आहे. कुणाकडची गेली तर कुणाकडे मिळेल. सायकल प्रकाशने कुणाला तरी देऊन टाकली. रेक्झिनच्या बॅगेत अप्पा चाळलेलं शेणखत ठेवतात, आत ते कोरडं राहतं म्हणतात. टॉवेल दोरीवर असतो, आणि बऱ्याचदा माझ्या साडीची जागा अडवून.

आज सकाळी मामींनी मसाल्याच्या मिरच्या गच्चीवर नेण्यासाठी काढल्या. अप्पा खिडकीतल्या खिळ्यापाशी गेले. तिथे आता सुतळीचे दोन पदर असतात, एक बियाण्याचा, त्याला कुणी हात लावत नाही, आणि एक जेवणाचा. जेवणाच्या पदरातून त्यांनी मूठभर मिरच्या तोडल्या आणि मामींच्या सुपात टाकल्या. मामींनी पाहिलं, आणि डोळे बारीक करून, चिडवायच्या सुरात विचारलं, “काय व्याहीबुवा, वानवळा का?”

अप्पा करवंट्यांकडे वळले होते. मागे न बघताच म्हणाले, “वानवळा कसला विहीणबाई? घरचीच हाय.”